चूलबंद आवतन

आमच्या पिंपळगावात आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी, म्हणजे घरातल्या एकानं जेवायला जायचं. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही; म्हातारं असो, तान्हं असो, आलेला पाहुणा असो, सगळ्यांनी जायचं. अशा घरातून धूर निघाला, तर नाक जातं ते आवतन देणाऱ्याचं.

हे आधीच सांगून ठेवते. पुढं मी जे केलं ते ऐकून म्हातारीचं डोकं फिरलं असं कोणी म्हणू नये. आणि म्हटलं तरी माझं काही अडत नाही.

माझा धाकटा दीर उकंडराव. भिंतीला भिंत लागून घर. त्याच्या नातीचं, प्रतीक्षाचं लग्न. तो स्वतः अक्षता घेऊन आला, उंबऱ्यावर ठेवल्या, माझ्या पाया पडला.

"वहिनी, चूलबंद आवतन आहे. गॅसलेही हात लावाचा नाही."

"नाही लावत," मी म्हटलं.

मग तो माझ्या लेकाकडं, शेखरकडं वळला आणि आवाज खाली आणला. मी म्हातारी झाले, बहिरी नाही झाले.

"तेवढं ऋत्विकले मळ्यातच राहू दे बाप्पा. पाहुणे चिखलीचे आहेत. लोकं कुजबुजतीन."

आणि शेखर म्हणाला, "हाव."

एवढंच. पोटच्या पोराला एका शब्दात घराबाहेर काढलं आणि वर चहा विचारला.

ऋत्विक हा शेखरचा एकुलता एक. शेतीचं शिकला आणि बाकीच्यांसारखा शहरात न जाता गावात परत आला. त्याच्या मळ्यातल्या वांग्यांना खामगावच्या बाजारात माणसं नाव घेऊन विचारतात. यंदा उन्हाळ्यात त्याच्यासाठी पोरगी पाहायची गोष्ट निघाली. तेव्हा ओसरीवर सगळ्यांसमोर त्यानं सांगितलं, की मला बाईची ओढ नाही, पुरुषाची आहे, माझं लग्न लावू नका. सांगताना त्याची नजर खाली नव्हती. त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला. शेखर उठून गेला तो गेलाच. तेव्हापासून पोराशी बोलत नाही, आणि पोरगा मळ्यातच राहतो.

मी विचारलं, "म्हंजे पोरगी पाहाची नाही?"

"नाही आजी."

"कोणाच्या लेकीले फसवून या घरात आणणार नाही तू?"

"नाही."

"मंग रडता कायले सगळे? पोट्टं खरं बोललं. वाढा त्याले जेवाले."

मला त्यात न समजण्यासारखं काही दिसलं नाही. मी दुसरीपर्यंत शिकले, तरी खरं आणि खोटं वेगळं करता येतं. गावातल्या शिकलेल्यांना मात्र ते जमेना. पारावर तो दिसला की हसायचं, त्याच्याकडून रोपं घेताना मात्र अदबीनं 'भाऊ' म्हणायचं. आणि आवतन कोणाकोणाला होतं? दारू पिऊन बायकोचं डोकं फोडणाऱ्याला होतं. पहिलीला माहेरी हाकलून दुसरी आणणाऱ्याला होतं. त्यांना पाहून चिखलीची मंडळी कुजबुजत नाहीत वाटतं. लग्नाच्या पंगतीसाठी ऋत्विकच्याच मळ्यातली वांगी गाडी भरून नेली, कोथिंबीर नेली. पोरगा नको, पोराची वांगी चालतात.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी मळ्यात गेले, तर हा कपड्यांची पिशवी भरत होता.

"कुठी निघाला बे?"

"लग्न होऊ दे आजी. मंग पुण्याले जातो. तिकडंच राहीन."

"येशील कधी?"

"कायले येऊ?"

त्याचं ते 'कायले' ऐकून मी तशीच मागं फिरले. घरी आले आणि ज्वारीचं पीठ काढून ठेवलं.

लग्नाच्या दिवशी वाजंत्री आली, नवरदेवाची मंडळी मांडवात टेकली, तेव्हा मी अंगणातली चूल पेटवली. आत गॅसवर केलं असतं तर कोणाला दिसलं असतं? कापसाच्या पऱ्हाट्या मुद्दाम ओल्या घेतल्या. असा धूर निघाला, की थेट मांडवात शिरला. मी तवा ठेवला आणि भाकरी थापायला बसले.

सून धावत आली. "आत्याबाई, आज चूल? धाकटे मामंजी काय म्हणतीन?"

"म्हणू दे. तू जाय मांडवात."

नवरदेवाची आजी झुंबरबाई डोळे पुसत कुंपणाशी आली.

"काय व माय, तुमाले आवतन नाही का?"

"आहे ना. चूलबंद आहे."

"मंग हे?"

"घरातला एक जण सोडून आवतन आहे. त्याच्यासाठी थापून राह्यली."

"काऊन? भांडण आहे का?"

मी सरळ सांगितलं. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. ती बाई कुंपणाला टेकली.

"आमच्या गल्लीतही होता असा एक," ती म्हणाली. "गेला निघून. त्याची माय अजून दारात बसते." मग मांडवाकडं वळून तिनं मोठ्यानं हाक मारली, "अहो व्याही, इकडं या जरा!"

उकंडराव फेटा सावरत आला. तोंड तांबडं झालेलं.

"वहिनी, काय तमाशा लावला? विझवा ते!"

"तमाशा तू लावला. मी भाकर करून राह्यली."

"माह्यं नाक जाते ना पाहुण्याइत!"

"त्याच्या हातचं वांगं तुह्या कढईत शिजून राह्यलं, तेव्हा नाही गेलं तुह्यं नाक? मी या घरात आली तेव्हा तू नागडा फिरे उकंडा. मले नको सांगू इज्जत."

झुंबरबाई तोंडाला पदर लावून हसली. उकंडराव तिच्यासमोर आणखी लहान झाला.

"मंग काय करू म्हणता?"

"अक्षता घे. मळ्यात जा. त्याच्या हातात दे आन् नाव घेऊन आवतन दे."

"मी जाऊ? आजा लागतो मी त्याचा!"

"म्हणूनच तुलेच जा लागन. धाकट्या कोणाले धाडलं, तर मी ही चूल दिवसभर विझू देत नाही."

गेला. फटफटी घेऊन फेट्यासकट गेला. परत आला तेव्हा मागं ऋत्विक बसलेला, मुठीत अक्षता तशाच आवळलेल्या.

"आजी, विझव ना आता," तो म्हणाला.

"पंगतीत बस पहिले. मंग पाहू."

अक्षता पडल्या, पंगत बसली. मी कुंपणातून पाहत होते. ऋत्विक बसला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं हळूच सरकली. पत्रावळी मांडलेल्या, माणूस नाही. आवतन दिलं, अंतर ठेवलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पिठाचे हात तसेच घेऊन मी मांडवात गेले आणि पुरुषांच्या पंगतीत त्याच्या डाव्या हाताला जाऊन बसले.

"आजी, बायाइची पंगत मंगून आहे," कोणीतरी म्हणालं.

"मले आत्ताच भूक लागली."

वरणाची बादली घेऊन वाढत आला तो शेखर. माझ्या पानावर वाढलं, पोराच्या पानावर न पाहता वाढलं आणि पुढं निघाला.

"थांब," मी म्हटलं. "त्याच्या उजवीकडच्या पानावर वाढ."

"तिथी कोणी नाही, माय."

"दिसते मले. वाढ."

भातवाल्यानं भात वाढला, त्यानं वरण वाढलं. भाजी आली, पोळी आली. सगळी पंगत हात आवरून त्या पानाकडं पाहत होती. शेखर बादली धरून तिथंच उभा. मी जेवायला सुरुवात केली नाही, म्हणून ऋत्विकनंही केली नाही.

"थंड होऊन राह्यलं," मी म्हटलं. "ज्याचं पान आहे त्यानं बसाव."

शेखरनं बादली खाली ठेवली. हात धोतराला पुसला आणि पोराच्या शेजारी मांडी घातली. दोन घास गिळले, आणि मग समोर पाहतच म्हणाला,

"मीठ दे बे इकडं."

ऋत्विकनं मीठ दिलं.

पुण्याचं काय करायचं ते तो पाहील. जाईल तर कामाला जाईल, तोंड लपवायला नाही. आणि चूल? ती मी विझवली नाही; सरकलेली माणसं काही परत जवळ आली नव्हती. तिच्यातला धूर सांजेपर्यंत मांडवात जात होता. जाऊ दिला.