उर्राकाच्या अंगावरचा पडदा

सहा पितळी कड्या.
स्पेनमधला चिखल.
एसीचा वारा, दिवसभर, डावीकडून.
एकाच नावाचे तीन राजे.
चार जिजाऊ.
सेफ्टी पिना.

मित्रांनो, गोंधळू नका. मी एक जुना पडदा आहे. पडद्याला एका जागी धड राहता येत नाही, म्हणून माझं सांगणंही असं हलत राहतं. वरचं बहुतेक सगळं एकाच शुक्रवारी माझ्या वाट्याला आलं.

माझा जन्म ओमानमधल्या सोहारचा. तिथल्या एका कापडदुकानात माझा जांभळा तागा उभा होता. शिंप्याने मला कापलं, काठ दुमडला, डोक्यावर कड्या ठोकल्या. पहिल्या खिडकीतून मला कारखान्यांच्या चिमण्या दिसायच्या. पाहुणे म्हणायचे, "काय रॉयल कलर आहे!" मी फुगायचो. तेवढ्यात घरातल्या सलीलची बदली मस्कतला झाली. अल् खुवैरच्या फ्लॅटची खिडकी बुटकी निघाली, म्हणून मला खालून हातभर दुमडलं. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," सगळे म्हणाले. इथे आपली माणसं पडदा दोन वर्षांच्या हिशोबानेच लावतात. मग त्या दोन वर्षांची आठ होतात आणि नवा पडदा कोणी घेत नाही. उन्हाच्या बाजूने मी तपकिरी झालो. रंगाबद्दल बोलणं थांबलं.

त्या घरात सलील, त्याची बायको उत्तरा आणि त्यांची बारा वर्षांची देविका राहतात. देविका शाळेत इंग्रजी बोलते, घरी मराठीत अडखळते. मागच्या वर्षी मराठी मंडळाच्या महिला दिनाला ती अहिल्याबाई झाली होती. दुसऱ्याच वाक्यावर अडकली आणि रडत स्टेजवरून उतरली. यंदा ती सलीलला म्हणाली, "बाबा, लास्ट चान्स. परत तसं झालं, तर मी मराठी बोलणारच नाही. कधीच."

मी ऐकलं. हललो. मला दुसरं काय येतं?

मंडळात रिवाज असा, की मुलीने राणी व्हायचं आणि "मी अमुक बोलतेय" म्हणून तिचं आयुष्य सांगायचं. देविकाने शाळेच्या पुस्तकातून उर्राका निवडली. नऊशे वर्षांपूर्वी स्पेनमध्ये लेओन आणि कास्तीयवर राज्य करणारी. मंडळाचे दयानंदकाका फोनवर म्हणाले, "अगं, आपल्या राण्या संपल्या का?"

"काका, चार जिजाऊ आहेत ऑलरेडी."

"मग पाचवी हो की! जिजाऊ काय गर्दीला घाबरतात?"

पण देविका हटली नाही. भाषण उत्तराने लिहून दिलं, मंडळाच्या नेहमीच्या चालीवर. आधी वडील, मग नवरा, मग मुलगा. मी राजा अल्फोन्सोची कन्या, राजा अल्फोन्सोची पत्नी, राजा अल्फोन्सोची माता. यात खोटं काहीच नव्हतं. तिघांचं नाव खरंच एक होतं.

"आई, पण ती स्वतः क्वीन होती. हे तिघं कशाला आधी?"

"ओळख अशीच करून देतात गं. म्हण परत."

देविका माझ्यामागे उभी राहून पाठ करायची. दर वेळी उर्राकाचा नवरा वडलांच्या जागी जायचा आणि मुलगा नवऱ्याच्या.

शुक्रवारी मला खिडकीवरून उतरवलं. "कड्या कापू नकोस, उद्या परत लावायचाय," उत्तरा म्हणाली, आणि पिना लावून मला देविकाच्या खांद्यांवर चढवलं. खिडकी उघडी पडली. खालून सलील ओरडला, "यल्ला, चला राणीसाहेब! पार्किंग मिळणार नाही!"

हॉलमध्ये दयानंदकाकांनी माइक घेतला. "आता येत आहे सलील आणि मिसेस सलील यांची कन्या, देविका!"

ती चालली, मी मागे घासत. कड्या खणखणत होत्या.

"मी राणी उर्राका बोलतेय. मी राजा अल्फोन्सोची कन्या. राजा अल्फोन्सोची... अल्फोन्सोची..."

थांबली.

मागून कोणीतरी म्हणालं, "हापूसची पेटी आली वाटतं!" हॉल हसला. देविकाने मला दोन्ही मुठींत धरलं. विंगेतून उत्तरा कुजबुजत होती, "पत्नी! पत्नी म्हण!"

देविकाने आईकडे पाहिलं. पायऱ्या तिथेच होत्या, उतरायच्या. ती उतरली नाही.

"नाही," ती म्हणाली, माइकमध्येच. "मी उर्राका. माझा भाऊ लढाईत मेला. मग बाबा गेले. मग राज्य मला मिळालं. नवरा म्हणाला, माझं. मी म्हटलं, नाही. मग आमचा वॉर झाला. माझा मुलगा छोटा होता, लोकांनी त्याला राजा केलं. मी म्हटलं, मी आहे ना अजून! एकदा कंपोस्तेलाला लोक चिडले. त्यांनी माझे कपडे फाडले. मला चिखलात पाडलं. दगड मारले."

हॉलमध्ये आता हसू नव्हतं.

"मी उठले. पळून गेले. आणि आर्मी घेऊन परत आले. मरेपर्यंत राज्य माझंच होतं. बस. खलास."

टाळ्यांना उशीर झाला, पण वाजल्या. पहिलं बक्षीस एका जिजाऊला गेलं. दयानंदकाका म्हणाले, "भाषेचे मार्क कापलेत हां, देविका." ती म्हणाली, "चालेल काका. पुढच्या वर्षी कापू देणार नाही."

गाडीत देविका पुढे झुकली.

"आई, रागावलीस?"

"नाही." उत्तरा बाहेरचे दिवे बघत होती. "तो चिखल मी भाषणात घेतलाच नव्हता. तुझ्या लक्षात कसा राहिला?"

"तोच तर राहतो लक्षात."

दुसऱ्या दिवशी मी परत खिडकीवर चढलो. खांद्याशी आता पिनांची भोकं आहेत. त्यातून उन्हाचे ठिपके जमिनीवर पडतात आणि मी हललो की तेही पळतात. मित्रांनो, जुन्या कापडाला पीन लावायचीच असेल तर शिवणीत लावा, म्हणजे ते फाटत नाही. आणि कोणाची ओळख करून देताना आधी तिचं नाव घ्या, बाकीची नंतर. एवढं जपा.

मीही उत्तराला आधी 'त्याची बायको' म्हणूनच सांगितलं. सोहारच्या दुकानातून मला तिने एकटीने आणलं. तेव्हा ती तिथल्या पोलाद कारखान्यात इंजिनियर होती आणि सलील अजून पुण्यात होता.