गार वारा सुटला तेव्हा

सुरुंगबाईंनी दारू ठासलेल्या बत्तिसाव्या भोकातून वर आलेल्या दोन तारांची उघडी टोकं, भटका करंट सहजी आत शिरू नये म्हणून, एकमेकांत पिळून घट्ट केली आणि कमरेवर हात ठेवून वर पाहिलं. ढग मघापेक्षा दुप्पट झाला होता. दगडखाणीच्या बरोब्बर डोक्यावर, वर पांढराफेक आणि बुडाशी काळा पडत चाललेला.

खाणीत सगळे त्यांना सुरुंगबाईच म्हणत. बाईमाणसाने सुरुंग लावायचे म्हणजे काय, म्हणून सुरुवातीला नाकं मुरडून झाली होती. एकवीस वर्षांत कुणाचं साधं बोटही गेलं नाही, तेव्हा ती नाकं आपोआप जागेवर आली. पंचाईत वेगळीच होती. खाणीचा मुकादम म्हणजे त्यांचा सख्खा जावई. घरी आला की त्याला गरम गरम वाढायचं आणि इथे त्याचा हुकूम ऐकायचा. दोन्हीकडे मान आपली खालीच.

"बाई, जोडा आता सगळ्या भोकांच्या तारा," मुकादम म्हणाला. कामावर तोही त्यांना बाईच म्हणे. "पावसाच्या आत उडवून मोकळे होऊ."

"दहा मिनिटं लागतील. तेवढी नाहीत आपल्याकडे."

त्यांचं गणित सोपं होतं. काळा दगड सकाळपासून ऊन पीत होता. त्याला चिकटलेली हवा तापायची, हलकी व्हायची आणि वर निघायची. वर गारठली की तिच्यातल्या वाफेचे थेंब व्हायचे, आणि थेंब होताना ती वाफ आपली सगळी ऊब हवेलाच देऊन टाकायची. मग काय, हवा आणखी वर. आज खाण नव्हती ती, पेटलेली चूल होती, आणि ढग तिच्यावर उतू जायला आला होता.

तेवढ्यात गार वारा सुटला. दिवसभर भाजून निघालेली माणसं सुखावली. ड्रिलवाल्याने शर्टाची बटणं सोडली आणि पाय पसरले.

"हाश्श, आता कुठे जिवात जीव आला."

बाईंनी मात्र पक्कड पिशवीत टाकली. वर पाऊस सुरू झाला होता. त्यातला काही वाटेतच वाफ होऊन विरत होता आणि हवेची ऊब काढून घेत होता. ती गार, जड झालेली हवा धाडकन खाली येत होती. तिच्यामागून काय येतं, ते त्यांना ठाऊक होतं.

"सगळे वर चला. टेकाडापलीकडे, बसमध्ये. हत्यारं राहू देत."

माणसं मुकादमाकडे बघू लागली.

"आता गार वाऱ्यालाही भ्यायचं का?" तो हसला, पण कसनुसा. "भोकं भिजली तर आठवड्याच्या कामाचं वाटोळं. मालक मला सोलून काढतील."

"वीज इथेच पडायला हवी असं नाही. जवळपास पडली तरी तारांतून करंट शिरतो. मग बटण दाबायला माणूस लागत नाही."

मुकादमाचा चेहरा लाल झाला. चारचौघांत सासूने शिकवलेलं त्याला कधीच सोसायचं नाही.

"जा तुम्ही सगळे. तारा मी जोडतो."

त्याने हे काम नुसतं लांबून पाहिलेलं. बाईंनी नऊ माणसं चढाच्या वळणापर्यंत पोचवली, मोजली, आणि त्या परत फिरल्या. तो पहिल्याच भोकापाशी उकिडवा बसला होता, पाठमोरा, पीळ सोडवलेली तार हातात.

"जावईबापू, चला."

तो हलला नाही. वळलाही नाही. काय हा हट्टी माणूस, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळ्यांत रागाने पाणीच आलं. लेक आत्ता शाळेत मुलांना फळ्यावर भागाकार मांडून दाखवत असेल. लांबवर गडगडलं. आणखी चार पावलं पुढे जाऊन बाई त्याच्या शेजारी दगडावर बसल्या.

"मग मीही इथेच. तिला सांगायला मात्र कुणी उरणार नाही, तेवढं बघा."

तेव्हा कुठे त्याने मान वळवली. तार खाली ठेवली, त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं आणि जवळजवळ ओढतच वर नेलं.

माणसं बसमध्ये दाटीवाटीने बसली. पाऊस टपावर बदडत होता. दोनदा वीज चमकली, तिसऱ्यांदा टेकाडामागे कुठेतरी पडली. सगळे कान देऊन बसले. खाणीकडून काहीच आवाज आला नाही. अर्ध्या तासाने उघडलं, तेव्हा बत्तीसच्या बत्तीस भोकं जशीच्या तशी होती, पाण्याने तुडुंब.

"उगाच पळापळ," ड्रिलवाला पुटपुटला. एकदोघे हसले. बाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. त्यांच्या बाजूने बोलायला काही घडलंच नव्हतं.

मालकांचा फोन आला.

"हो, भिजलं सगळं," मुकादम म्हणाला. "मी थांबवलं. नाही, बाईंनी नाही. मी."

माणसं उतरून गेल्यावर बाई म्हणाल्या, "खोटं कशाला बोललात?"

तो आपल्या बोटांकडे बघत होता.

"तार हातात घेतली आणि झिणझिण्या आल्या. तुम्ही यायच्या आधीच. सोडावी तर हात सुटेना, उठावं तर पाय हलेना. हट्ट कसला, बाई. घाबरून गोठलो होतो मी."

"मग उठलात कसे?"

"तुम्ही बसलात ना. तुम्हाला तिथून न्यायलाच हवं होतं."

बाईंनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"मी बसले नव्हते," त्या म्हणाल्या. "सुटी तार तुमच्या हातात बघितली आणि गुडघेच गेले माझे."