बिलं वाचणारा चष्मा

मी बाबांचा वाचायचा चष्मा. लांबचं मला काही कळत नाही, समोर समुद्र आहे की डोंगर ते मला विचारू नका. पण बिलावरची मुंगीएवढी अक्षरं? ती बिनधास्त विचारा. माझ्या एका काडीला दोरा गुंडाळलाय, तरी नाकावर बसलो की चूक सुटत नाही.

प्रवासात आमचं काम वाढतं. दोन चहांचे तीन लावलेले, न मागितलेली पाण्याची बाटली, सगळं आम्ही पकडलंय. अशा वेळी वेटर मान खाजवतो, सूनबाई मोबाइलमध्ये डोकं घालतात आणि मुलाचे कान लाल होतात. त्यांना वाटतं, म्हातारा कंजूष आहे.

तसं नाही हो. बाबांच्या थोरल्या भावाचं आधी पैसे मोजण्यात चुकू लागलं, मग घरचा रस्ता चुकला, शेवटी माणसं. म्हणून बाबा रोज संध्याकाळी दिवसभराचा खर्च मांडतात आणि पाकिटातल्या पैशांशी ताळा जमवतात. जमला की मला पुसतात आणि आईंना म्हणतात, "अजून शाबूत आहे गं." हे आईंना ठाऊक आणि मला.

काल हॉटेलात त्या बाटलीवरून बराच वाद झाला. मागे माणसं ताटकळली होती. आज सकाळी बाबा तोंड धुवायला गेले आणि मुलानं मला उचलून खिशात टाकलं. निघायच्या दिवशी तरी चारचौघांत शोभा नको, असं तो बायकोला म्हणाला. पोरगा वाईट नाही, भिडस्त आहे.

बाबांनी उशा उचलल्या, टॉवेल झटकला, कपाळावरही हात फिरवून पाहिला. मुलगाही त्यांच्याबरोबर शोधत होता! मी त्याच्या खिशात चरफडत होतो.

खोली सोडताना बाबा सामानापाशी बसले आणि पाकीट मुलाकडे दिलं. तो काउंटरवर सही करायला वाकला, तसा मी खिशातून अर्धा बाहेर आलो. बिलात शेजारच्या खोलीची दोन रात्रींची जेवणं लावली होती. आम्ही तर दोन्ही रात्री बाहेर जेवलो होतो. मी काय करणार? मला काचा आहेत, तोंड नाही. त्यानं न वाचताच पैसे भरले आणि बिलाची घडी माझ्याशेजारी कोंबली.

"नीट वाचलंस ना?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा, बरोबर आहे."

स्टँडवर बाबांनी पाकीट मोजलं. नोटा ते बोटांनीही ओळखतात. ताळा जमेना, पैसे कमी भरत होते. पुन्हा मोजलं. मग बाकावर नोटांच्या चळती लावून मोजलं. आई म्हणाल्या, असेल कुठे खर्च झाला. बाबांनी नोटा गोळा करून पाकिटात भरल्या. मग पाकीट मुलाच्या हातात दिलं.

"यापुढे व्यवहार तूच बघ. थोरल्याचं असंच सुरू झालं होतं."

आईंनी पदर तोंडाला लावला. मुलाचा चेहरा उतरला. त्यानं पाठ फिरवून बिल काढलं, वाचलं, आणि पुन्हा घडी करून खिशात ठेवलं.

आता बस चाललीय. बाबा खिडकीशी बसलेत आणि ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटताहेत. मुलाचा हात मघापासून खिशापर्यंत येतो आणि मागे जातो. अरे, काढ मला बाहेर. होऊ दे भर बसमध्ये तुझी शोभा, पण तुझ्या बापाला सांग की तो चुकला नाही.