राणीची हिवाळी झोप

मित्रांनो, मी एक जुनी काचनळी आहे. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षे गेली. काठाचा टवका उडाला, तेव्हा तिथे काम करणाऱ्या तालायने मला टाकून न देता घरी आणले. बिश्केकबाहेरच्या टेकड्यांवर पंखवाल्या मुंग्या उडाल्या, त्या संध्याकाळी त्याने एक राणी माझ्यात सोडली. माझ्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, तोंडालाही बोळा. ओल्या कापसाशी राणीने अंडी घातली, कामकरी मुंग्या वाढवल्या. शेजारीपाजारी मला पाहायला येत.

पुढे तालाय कामासाठी मॉस्कोला निघाला. जाताना त्याने मला बंद बाल्कनीत बटाट्यांच्या पोत्याशेजारी आडवे ठेवले आणि आईला, म्हणजे त्याच्या आपाला, सांगितले:

"हिवाळ्यात यांना गारवाच लागतो, आपा. झोपू दे. त्या जाग्या झाल्या की मी आलोच."

ऐन थंडीत त्याची आई, सालकिन आपा, बटाटे काढायला आली. मुंग्या निपचित पडलेल्या.

"अहो, गारठून मेल्या या!"

"झोपल्यात. हात लावू नकोस," आतून कुबात, तिचा नवरा, म्हणाला.

"घरात आलेल्याला ऊबदार जागा द्यायची सोडून बटाट्यांत निजवायचं? तुमच्या आईला निजवलं होतं का?"

"माझी आई अंडी घालत नव्हती."

कुबात बाजारात गेला. आपाने मला लोकरी मोज्यात गुंडाळून खोली तापवणाऱ्या नळांवर ठेवले. थोड्या वेळाने मोजा सारून तिने पाहिले. राणी हलत होती.

"उठलीस, बाई! थांब, मध आणते."

तेवढ्यात बोळ्यामागची कोंडलेली हवा तापून फुगली आणि पाणी कापसातून पुढे ढकलले गेले. मुंग्या तोंडाकडे धावल्या. तिथेही बोळा होता. मधाची वाटी घेऊन आपा आली, तेव्हा राणी पाय दुमडून तरंगत होती.

कुबात परतला. त्याने मला उजेडाकडे धरून पाहिले.

रविवारी फोन आला. "आपा, राणी कशी आहे?"

आपाने नवऱ्याकडे पाहिले. तो खिडकीबाहेर पाहत होता.

"झोपलीय रे. गाढ झोपलीय. तू ये."

आता मी धुतलेली, रिकामी, पुन्हा बटाट्यांशेजारी आहे. मित्रांनो, कुणाला जपायचे असेल, तर त्याला काय सोसते ते आधी जाणून घ्या; आपल्याला थंडी वाजते म्हणून त्याला शेकू नका.

बाहेर बर्फ वितळू लागला आहे. तालायने परतीचे तिकीट काढले आहे.