तिसऱ्या वाफ्यातला घोळ

मी एक झारी बोलतेय. पत्र्याची, हिरवी, म्हणजे रंग होता तोवर हिरवी. काकूंनी नवस बोलला तेव्हा मी त्यांच्या हातात अर्धी भरलेली होते, म्हणून तो मला शब्दाला शब्द माहीत आहे.

काकूंची लेक आठ वर्षांची. पाठीवर दप्तर घेतलं की दप्तरच चालतंय असं वाटायचं, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. तिला अंथरुणाला खिळून चौथा महिना लागला होता. सकाळी काकू गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. मध्येच थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "देवा, ही पुन्हा वर्गात जाऊन बसली, तर हिच्या नि हिच्या सोबत्यांच्या हातनं पिकलेली पालेभाजी मी सगळ्या शाळेला रांधून वाढीन. विकतचं एक पान घालणार नाही. आणि तोवर माझ्या तोंडात पालेभाजी जाणार नाही."

एवढं बोलून त्यांनी उरलेलं पाणी एकाच कुंडीत ओतलं. ती कुंडी दोन दिवस चिखलातच होती.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फार नाही. पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिरानं मला तेलाच्या रिकाम्या डब्यातून कापलं. तोंडाच्या जाळीला खिळ्यानं एकतीस भोकं पाडली. बत्तिसावं पाडताना खिळा वाकला आणि तो म्हणाला, "राहू दे, काही अडत नाही." खरंच काही अडलं नाही. पहिल्या मालकिणीनं मला हौसेनं नेलं, आठ दिवस पाणी घातलं आणि मग माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. माणसं पहिल्या दिवशी झाडाला बुडवतात आणि नवव्या दिवशी विसरतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पाहिलं ते सांगते. पुढे त्या बाई घर बदलून गेल्या आणि मी शेजारच्या काकूंकडे आले.

मुंगी बरी झाली. वर्गात जाऊन बसली. आता नवस फेडायचा, तर शाळेत भाजी हवी. शाळेत होतं काय? मागच्या अंगणात मोडकी बाकं आणि एक गळका नळ.

काकू मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन बसल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, "अहो, मुलं माती खेळतील, कपडे मळवतील. मग पालक माझ्या नावानं ओरडतील."

"ओरडले तर माझ्याकडे पाठवा," काकू म्हणाल्या. "मी त्यांनाही खुरपं देते."

बाकं हलली. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माळीकाकांनी तीन वाफे आखून दिले. पहिल्यात घेवडा, दुसऱ्यात टोमॅटो, तिसऱ्यात पालक. मी घरून शाळेत आले.

तिथे मी माणसं जवळून पाहिली. वर्गात पाढे म्हणताना अडखळणारी पोरं दोन रोपांमधलं अंतर वितीनं बिनचूक मोजत. एका मुलानं घेवड्याचं बी तीनदा उकरून पाहिलं. माळीकाका त्याला म्हणाले, "अरे, तुला कुणी दर तासाला पांघरूण काढून बघितलं तर तू झोपशील का?" मग तो वाफ्याजवळ कुजबुजत बोलू लागला. ज्यांना घरी ताटातला टोमॅटो चालत नसे, ते हिरव्या टोमॅटोवर पाळत ठेवून बसत. मला उचलण्यावरून भांडणं होत. मुंगीला मी भरलेली पेलायची नाही, म्हणून ती मला अर्धी भरायची आणि दुप्पट खेपा घालायची.

पाच आठवड्यांत पालक वीतभर झाला. सुट्टी लागण्याआधीच्या शुक्रवारी जेवण ठरलं. मुलं बासष्ट. शुक्रवार चुकला असता, तर शाळा उघडेपर्यंत पालक जून होऊन गेला असता.

त्या आठवड्यात माळीकाकांना बहिणीकडे जायचं होतं. जाताना त्यांनी अवजारांच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहिलं: 'तिसऱ्या वाफ्यात फार घोळ आहे. उपटायला घ्या.'

मंगळवारी नव्या बाईंनी ते वाचलं. त्यांना शाळेत येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते, शुक्रवारच्या भाजीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वाफ्यात त्यांना दोन तऱ्हेची पानं दिसली. "बियाण्यातच घोळ झालेला दिसतोय," त्या मुलांना म्हणाल्या. "सगळं उपटा बरं. मुळासकट."

मुलांना उपटण्याइतकं आवडीचं काम नाही, त्यात बाईंनीच सांगितलेलं. दहा मिनिटांत वाफा साफ. ढीग खताच्या खड्ड्याकडे, सावलीत टाकला. त्या दिवशी मुंगीचं पोट बिघडलं होतं, ती घरी होती. काकूही घरीच होत्या.

बुधवारी दोघी आल्या. मुंगीनं मला नळाखाली धरलं, भरलं, तिसऱ्या वाफ्यापाशी नेलं आणि तशीच उभी राहिली.

"आई, पालक कुठे गेला?"

काकू खाली बसल्या. त्यांनी मातीवरून हात फिरवला.

नव्या बाईंना सगळं कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. "मला वाटलं... दारावरच लिहिलं होतं हो, घोळ आहे म्हणून."

मोठ्या बाई व्यवहाराच्या. "बाजारातून पालकाच्या जुड्या आणू. देव काही पावती मागत नाही."

"देव नाही मागणार," काकू म्हणाल्या. "पण बोलले मी. त्यानं थोडंच सांगितलं होतं बोल म्हणून?"

गुरुवारी माळीकाका परतले. दारावरची खडूची अक्षरं, मोकळा वाफा आणि नव्या बाईंचा चेहरा, तिन्ही पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो बाई, घोळ म्हणजे घोळ! भाजी असते ती. जाड जाड पानं, लाल देठ, जमिनीलगत पसरते. पालकाच्या मध्ये माजली होती, तेवढीच काढायची होती."

"घोळ नावाची भाजी असते?"

"असते. आणि तुम्ही केलात तोही घोळच."

नव्या बाई रडता रडता हसल्या. माळीकाका खड्ड्याकडे गेले आणि त्यांनी ढीग उलटा केला. पालक दोन दिवसांत माना टाकून काळा पडला होता. पण त्याच्या खालून घोळ जशीच्या तशी निघाली. टवटवीत, जणू आत्ताच उपटलेली. तिच्या पानांत आणि देठांत पाणी साठलेलं असतं, ती इतक्यात हार मानत नाही.

"ही खातात," माळीकाका म्हणाले. "जरा आंबटसर लागते."

"पण ही पेरली कुठे मुलांनी?" काकूंनी विचारलं. "आपली आपण आली ही."

मुंगी म्हणाली, "मग पाणी कोणी घातलं? पाच आठवडे आम्हीच घातलं ना?"

ते खरं होतं. मी साक्षीला होते. माझ्या एकतीस धारांना पालक कुठला नि घोळ कुठली, कधी कळलं नाही.

काकूंनी डोळे मिटले. देवाला काय विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी पदर खोचला. "निवडायला बसा. मुळं तोडा, माती राहू देऊ नका."

शुक्रवारी घोळ डाळीत शिजली. बासष्ट मुलांत ती किती पुरणार? वाट्याला एकेक डावच आला. दोघांनी तोंडं वाकडी केली, एकानं गुपचूप शेजाऱ्याच्या ताटात सारली, पुष्कळांनी पुन्हा मागितली. मिळाली नाही. नव्या बाईंनी बोटं चाटली. सगळ्यांच्या शेवटी काकू जेवायला बसल्या. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात ठेवला. मुंगी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. "झाला ना नवस?" तिनं विचारलं. काकूंनी घास गिळला आणि होकारार्थी मान हलवली.

याला तीन वर्षं झाली. आता वाफे सात आहेत. माझ्या बुडाचा सांधा सुटलाय. नळापासून वाफ्यापर्यंत जाताना निम्मं पाणी वाटेतच सांडतं, आणि त्या वाटेवर काहीबाही उगवतं. लवकरच मला भंगारात देतील. द्यावं. मला त्याचं वाईट वाटत नाही.

जाण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्हीही काहीतरी बोला, देवाला किंवा स्वतःला: या वर्षी एक तरी घास असा खाईन, ज्याला पाणी मी घातलंय. आपल्या पोराबाळांनाही बरोबर घ्या. त्यांचे कपडे मळतील, मळू द्या. आणि नको असलेलं काही उपटायला हात पुढे गेलाच, तर क्षणभर थांबून आधी त्याचं नाव विचारा.