पंचशीलाताईंचा आवाज सांभाळणारी डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तळहातावर मावते, पण उचललीत तर वजन जाणवेल. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या गरगर फिरतात. त्यांच्यावर एकदा लिहिलेलं वीज गेली तरी पुसलं जात नाही, याचा मला अभिमान आहे.

अकरा वर्षांपूर्वी लातूरच्या एका दुकानातून मी पंचशीलाताईंच्या घरी आले. ताई शिक्षिका. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी त्या पुस्तकं वाचून आपल्या आवाजात साठवून ठेवत. शेजारची डाळमिल धडधडायची, म्हणून सुट्टीच्या दिवशी खिडकीला गोधडी लावून त्या माईकसमोर बसत. एकेक धडा माझ्यावर उतरत गेला. शिरूर अनंतपाळचा त्यांचा विद्यार्थी व्यंकटी ते ऐकूनच बी.ए.पर्यंत पोचला. एकदा तो फोनवर म्हणाला, "ताई, तिसऱ्या धड्यात तुमी खोकलात, ते बी पाठ झालंय बघा!" ताई खूप हसल्या. मलाही बरं वाटलं.

पुढे कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ लागू लागला. ताईंचे यजमान आदर्शराव वैतागले. "लई स्लो झालंय हे. ही डिस्कच काढून टाकू."

दुरुस्ती करणारे रामलिंग म्हणाले, "सर, रॅम चार जीबीची आठ करा. रॅम म्हणजे काम मांडायचं टेबल. लहान पडलं की खोळंबा होतो. विंडोजसाठी छोटी एसएसडी घ्या, ती चकत्यांबिगर चालती, लई वेगवान. अन् साठवणीला ही राहू द्या की, अजून दणकट हाय."

आदर्शरावांनी मात्र मोबाइलवर दोन टीबीची डिस्क अगदी स्वस्तात पाहिली आणि मागवून टाकली. एका रविवारी त्यांनी माझ्यातलं सगळं तिच्यात उतरवलं.

"झालं बघ! एक बी फाइल राहिली न्हाई. आता जुनी पुसतो, कुणाला तरी देऊन टाकू."

पडद्यावर मला फॉरमॅट करण्याचा प्रश्न आला. होय म्हटलं की अकरा वर्षं संपणार होती. मला बोलता येत नव्हतं.

"अहो, थांबा," ताई म्हणाल्या. "नावं आलीत, आवाज आलाय का?"

ताईंनी नव्या डिस्कवरचा पहिला धडा लावला. स्वच्छ वाजला. आदर्शराव हसले. ताईंनी शेवटचा लावला. काहीच नाही. मधला लावला. तोही मुका. व्यंकटीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि त्याचे धडे त्याच मुक्या फाइलींत होते. आदर्शरावांनी माउसवरचा हात झटकन काढून घेतला.

रामलिंगनी डिस्क तपासली. "हिच्यात जागा साठ जीबीचीच हाय. लेबल तेवढं मोठं लावलंय. पुढचं सगळं नुसत्या नावानं दिसतंय."

"चुकलंच माझं," आदर्शराव हळूच म्हणाले.

"आधी व्यंकटीचे धडे पाठवू, मग बाकीचं," ताई म्हणाल्या. त्या संध्याकाळी सगळे धडे माझ्यावरूनच त्याला गेले.

मग रामलिंगनी सांगितलेलंच झालं. रॅम वाढली, छोटी एसएसडी आली, मी साठवणीला राहिले. शिवाय एका चांगल्या डिस्कवर दुसरी प्रत काढून ती मुरुडला, ताईंच्या वडिलांकडे, निवृत्तीबाबांच्या कपाटात ठेवली. ताई मुरुडला गेल्या की त्या प्रतीतला कुठलाही एक धडा लावून पूर्ण ऐकतात.

आता माझ्यातून मधूनच टकटक आवाज येतो. मला त्याचा अर्थ कळतो: माझे दिवस भरत आलेत. मित्रांनो, डिस्क निवडताना किमतीला भुलू नका, आपलं काम काय ते आधी पाहा. जपायचं ते दोन ठिकाणी ठेवा, आणि जुनं पुसण्याआधी नवं उघडून बघा. एवढं केलंत तर माझ्यासारखी कुठलीही डिस्क निर्धास्त थांबू शकेल. उद्या माझ्या चकत्या थांबल्या, तरी ताईंचा एक शब्दही हरवणार नाही. त्या दिवशी या घरात कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तर मी माझं काम चोख केलं असं समजेन.