धुतलेली खोकी

व्यापारी संघाच्या अध्यक्षांनी खोकी धुतली होती. एकदोन नाही, गल्लीतली एकूण एक. सकाळी सहाला येऊन, नळाला पाइप लावून, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून! सात वाजता सूनबाईचा टेम्पो गल्लीत वळला तेव्हा हा गृहस्थ ढिगाशेजारी कमरेवर हात ठेवून उभा होता, चेहऱ्यावर नुसता आनंद.

"बघा," ते म्हणाले, "धुळीचा कण सापडला तर नाव बदलीन!"

सूनबाईने टेम्पोतून उडी मारली, वरचं खोकं उचललं आणि ते तिच्या हातात मधोमध लोंबलं. पुठ्ठा कसला, पिळायला घेतलेली चादर.

तुम्ही म्हणाल, चार खोकी भिजली तर एवढं काय आभाळ कोसळलं? कोसळलं होतं बाबांनो, ऐका.

या गल्लीत चौतीस दुकानं. बेकरी, सलून, लाँड्री, छापखाना, औषधांचं दुकान, अध्यक्षांचं चपलांचं दुकान, आणि असंच सटरफटर. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत सगळ्यांचा कचरा एकाच मोठ्या ट्रकमध्ये जायचा. कापलेले केस, शिळा पाव, काच, पुठ्ठा, सगळ्याचा काला, आणि तो थेट शहराबाहेरच्या खड्ड्यात. मग सूनबाई टेम्पो घेऊन गल्लीत आली. हे काही तिचं नाव नव्हे. सासरे तिला भर रस्त्यात तशी हाक मारायचे, म्हणून गल्लीनेही तेच उचललं. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात सून आणि सासरे, दाराशी जुना टेम्पो. तिने उंबरे झिजवून एकेका दुकानदाराला पटवलं. काच वेगळी ठेवा, डबे वेगळे, पुठ्ठा वेगळा. बाटल्या आणि डबे विसळून द्या. लोक आधी हसले, मग कुरकुरले, आणि मग काय झालं कोण जाणे, हट्टालाच पेटले. सलूनवाली शाम्पूच्या बाटल्या अशा घासायला लागली की गिऱ्हाइकं डोक्याला फेस तसाच घेऊन वाट बघत बसायची.

पण व्यापारी संघात दोन तट होते, आणि मोठ्या ट्रकवाल्यांच्या चकरा काही थांबत नव्हत्या. शेवटी बैठकीत ठरलं. कागदाची गिरणी लागोपाठ तीन खेपा पास झाल्या की कायमचा गेटपास देते. महिन्याभरात तो पास आणा, गल्ली सूनबाईची. एक जरी खेप परत आली, तर दुसऱ्या दिवसापासून ट्रक. दोन खेपा पास झाल्या होत्या. तिसरी आज, कारण मुदतही आजच संपत होती. गिरणीचं गेट पाचला बंद व्हायचं. आणि गिरणीचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: बारा टक्क्यांच्या वर ओल असलेला एक गठ्ठा सापडला, की अख्खी गाडी परत.

"अध्यक्ष," सूनबाई कशीबशी म्हणाली, "पुठ्ठा धूत नाहीत हो!"

"का? मळत नाही का तो?"

बाटल्या विसळायला तिनेच शिकवलं होतं. शेवटची खेप आहे, गल्लीची अब्रू आहे, म्हणून अध्यक्षांनी पुढची पायरी आपणच गाठली. अति तेथे माती, म्हणतात ते उगाच नाही.

एवढ्यात बाबा, म्हणजे तिचे सासरे, टेम्पोतून सावकाश खाली उतरले. उभा जन्म भंगारात काढलेला माणूस. रोज गल्लीत येऊन माल निवडायचे, गठ्ठे बांधायचे, पण गिरणीत मात्र एकदाही गेले नव्हते. गुडघे दुखतात म्हणायचे. त्यांनी एका खोक्यावर तळवा टेकवला, डोळे मिटले, मग दुसऱ्यावर, मग ढिगात खाली हात घालून तिसऱ्यावर.

"वरवर भिजलाय," ते म्हणाले. "पाणी पोटात उतरलेलं नाही अजून. पण ढिगात राहिला तर तासाभरात उतरेल. पसरा!"

"कुठे पसरू? गल्लीत ऊन दुपारी येतं, तेही पाहुण्यासारखं."

"मग ऊन सोडून दुसरं काय गरम आहे ते बघ की! चौतीस दुकानं आहेत, एकात तरी ऊब असेल!"

सूनबाई जी पळत सुटली ती थेट बेकरीत. बेकरीवाला पहाटेची भट्टी आटोपून बाकावर आडवा झाला होता.

"उठा दादा, भट्टीची खोली द्या!"

"आग लागली का?"

"लागली तर बरंच होईल, पुठ्ठा तरी वाळेल!"

अर्ध्या तासात गल्लीचं रूपच पालटलं. भट्टीच्या खोलीत पावाच्या फळ्यांवर पाव नाही, खोकी. छापखान्यात छापलेले कागद वाळवायच्या दोऱ्यांवर खोकी, आणि खालून चारही पंखे घोंघावतायत. लाँड्रीवाल्याने दोन्ही इस्त्र्या तापवल्या आणि गिऱ्हाइकांचे शर्ट बाजूला सारून पुठ्ठ्याला अशी कडक इस्त्री मारली की विचारू नका. "घडी घालू की हँगरला लावू?" असं वर विचारतो! सलूनवालीने तर कमालच केली. चार खुर्च्यांवर चार खोकी बसवली, चारही ड्रायर सुरू केले आणि दारातल्या बाईंना सांगितलं, "आज गर्दी आहे, उद्या या."

आणि अध्यक्ष? अध्यक्षांचा चेहरा पडला होता, पण पाय थांबले नव्हते. डोक्यावर खोकी घेऊन ते बेकरी ते छापखाना, छापखाना ते लाँड्री अशा खेपा घालत होते. मधेच एकदा त्यांनी तोंड उघडलं, "मी काय म्हणतो, आपण जर..."

"नाही!" चारी बाजूंनी एकदम आवाज आला.

बाबा या सगळ्यातून फिरत होते. हाताचा तळवा टेकवायचा, बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा. "हा झाला. हा अजून नाही. हा लबाड, वरून कोरडा, आतून रडतोय. परत इस्त्रीखाली घाल." त्यांचे गुडघे त्या दिवशी कुठे गेले होते देव जाणे! सूनबाई सुतळी दाताने तोडून गठ्ठे आवळत होती, बोटं सोलली होती, केसांत भुसा गेला होता, आणि तरी आतून तिला हसू फुटत होतं. सहा महिन्यांपूर्वी ज्यांनी तिला दारातूनच हाकललं होतं, तीच माणसं आज तिच्या पुठ्ठ्यावर फुंकर घालत होती. अक्षरशः! औषधवाला दुकानासमोर उभा राहून एका खोक्यावर खरोखरच फुंकर घालत होता.

तीन वाजून वीस मिनिटांनी चाळिसावा गठ्ठा टेम्पोत चढला. वरून ताडपत्री बांधली गेली.

"बाबा, तुम्हीही चला," सूनबाई म्हणाली. "तिथे एखादा गठ्ठा सुटला, भिजला, काही झालं, तर मला हाताला कळत नाही."

"गुडघे..."

"गुडघ्यांना सकाळपासून बघतेय मी. चला."

ते पुढे तिच्याशेजारी बसले, आणि सगळा रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिले. सूनबाईला वाटलं, दमले असतील.

साडेचारला टेम्पो गिरणीच्या गेटात शिरला. तपासनीस हातात ओल मोजायचं यंत्र घेऊन आला. दोन लांब सुया असलेलं. माणूस वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्याने सूनबाईला ओळखून मान हलवली, मग तिच्या शेजारी बघितलं आणि जागच्या जागी थबकला.

"तुम्ही?"

बाबांनी मान खाली घातली.

"ताई, हे तुमचे कोण?"

"सासरे."

"अरे वा! म्हणजे पाणीवाले सासरे!" तपासनीस मागे वळून गेटवरच्या माणसाला म्हणाला, "बघ, हेच ते. गठ्ठ्याच्या पोटात पाणी मारून वजन वाढवायचे. बावीस वर्षांपूर्वी यांच्या मालाने आमचं यंत्र दोन दिवस बंद पाडलं होतं. या गेटातून आत यायचं नाही म्हणून साहेबांनी सांगितलं होतं यांना." मग सूनबाईकडे वळला. "माफ करा, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. गाडी फिरवा."

सूनबाईच्या अंगाची लाही लाही झाली. राग कुणाचा येतोय हेच तिला कळेना. तपासनिसाचा, की बाबांचा, की स्वतःचा, की इतकी वर्षं एका घरात राहून आपल्याला पत्ताच नाही याचा? तिने सासऱ्यांकडे बघितलं. ते नाही म्हणत नव्हते. म्हणजे खरंच होतं ते.

"दरवेळी किती गठ्ठे तपासता?" तिने विचारलं.

"पाच."

"आज सगळे तपासा. चाळीस. एकही ओला निघाला तर मी स्वतः फिरवते गाडी, आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही."

तपासनिसाने घड्याळात बघितलं. "उतरवा."

पहिला गठ्ठा. सुया आत. दहा. दुसरा, अकरा. तिसरा, नऊ. नऊ! इस्त्रीचा असणार तो. गेटवरचा माणूस जवळ आला, मग वजनकाट्यावरचा आला, मग दोन हमाल. आकडा आला की हमाल मोठ्याने ओरडायचे, जणू सामनाच चाललाय. पंधरावा, अकरा. बाविसावा, दहा. सूनबाईच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता, गल्लीतून अध्यक्षांचे फोनवर फोन, पण उचलतोय कोण! तिसाव्याला आकडा बारावर जाऊन थांबला. बाराच. त्याच्या वर गेला नाही.

छत्तिसाव्या गठ्ठ्याला तपासनिसाने यंत्र खिशात टाकलं. पाचला दहा कमी होते.

"पुरे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाजही आता वेगळा होता. "दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ताई. मनाला लावून घेऊ नका. पास."

हमालांनी शिट्ट्या मारल्या. सूनबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, ती हसत होती की रडत होती तिलाच ठाऊक नव्हतं. उरलेले चार गठ्ठे उतरवायला बाबा टेम्पोत चढले होते. तिथूनच त्यांची हाक आली.

"साहेब, थांबा."

ते एक गठ्ठा छातीशी धरून खाली उतरले आणि त्यांनी तो तपासनिसाच्या पायाशी ठेवला.

"हा ओला आहे. सकाळी मीच पास केला होता. चुकलो."

सूनबाईला वाटलं, आता इथेच फतकल मारून बसावं. शिक्का मारायला माणूस निघाला होता! दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं गप्प बसले असते तर? बावीस वर्षांनी खरं बोलायला हाच मुहूर्त सापडला या माणसाला? आणि तरीही, खरं सांगायचं तर, त्या क्षणी तिला ते जितके आपले वाटले तितके कधी वाटले नव्हते.

तपासनिसाने यंत्र पुन्हा बाहेर काढलं. सुया आत. सतरा.

कुणी ओरडलं नाही.

"नियम असा आहे," तपासनीस सावकाश म्हणाला, "की मला ओला गठ्ठा सापडला तर गाडी परत." त्याने चष्मा पुसला. "पण मला कुठे सापडला? गाडीवाल्याने स्वतः होऊन काढून दिला तर काय करायचं, ते नियमात लिहिलेलंच नाही. तीस वर्षांत कुणी दिलाच नाही, लिहिणार कशाला?"

त्याने उरलेल्या तिन्हींत सुया घातल्या. दहा, अकरा, अकरा. ओला गठ्ठा पायाने बाजूला सरकवला आणि टेबलाकडे जाऊन गेटपासचं कोरं कार्ड काढलं.

"नाव सांगा. मालाची हमी घेणाऱ्याचं लागतं."

सहा महिने सूनबाईने त्या कार्डावर आपलं नाव डोळ्यांसमोर बघितलं होतं. तिने बाबांकडे बघितलं. ते दूर उभे राहून ओल्या गठ्ठ्याची सुटलेली सुतळी बांधत होते.

"त्यांचं लिहा," ती म्हणाली.

"खुळी की काय!" बाबा ताडकन उठले. "तुझं नाव दे, सूनबाई. माझ्या नावावर या गेटात कुणी कुत्रंसुद्धा आत सोडणार नाही."

"मी टेम्पो चालवते, बाबा. मालाची हमी तुमचा हात देतो."

बाबा तपासनिसाकडे बघायला लागले, आता तुम्हीच नाही म्हणा, अशा नजरेने. तपासनिसाने पेनाचं टोपण काढलं.

"सांगा की," तो म्हणाला. "पाच वाजत आले."

बाबांना आपलं नाव दोनदा सांगावं लागलं.